लगामाला परका हात

२६ मार्च

आज जे घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. तोंडी सांगितलं की माणसं आपापलं तिखटमीठ लावतात.

नदीकडच्या गावची वरात उरकून मी आणि कवडी परत निघालो होतो. दिवस कलला होता, पण ऊन होतं. झूल, कलगी, पायातले चाळ सगळं उतरवून बोचक्यात बांधलेलं. साज घालून घोडीला विनाकारण चालवणं मला पसंत नाही. साध्या खोगिरावर बसून जंगलातल्या रस्त्याने येत होतो. नाल्यावरच्या रपट्याच्या, म्हणजे बुटक्या पुलाच्या, अलीकडे एक मोटारसायकल आडवी लावलेली होती. दोघं जण, दोघांच्याही तोंडाला दुपट्टे. मार्च लागला की आमच्याकडे बाई-माणूस सगळेच उन्हासाठी तोंड बांधतात, म्हणून त्यात काही वावगं वाटलं नाही.

एक उंच, एक ठेंगणा. उंच्याने पुढे येऊन लगाम धरला. अगदी तोंडाच्या कडीजवळ, बोटं आत घालून. कवडी खांबासारखी उभी राहिली.

"घोडी लय गरीब आहे भाऊ," तो म्हणाला.

"काय काम आहे?"

"काम तुमचंच आहे. नदीपल्याड वराती घेता ना तुमी? आरमोरीकडं?"

"घेतो."

"मंग आमचं थोडं सामान नेत जा झुलीखाली. पुलावर गाड्या उघडून पाह्यते, डिक्क्या पाह्यते. नवरदेवाच्या घोडीची झूल कोन उचलते?"

सामान म्हणजे काय हे विचारायची गरज नव्हती. अलीकडे चंद्रपूर जिल्हा, दारू सुरू. पलीकडे गडचिरोली, दारू बंद. मधे वैनगंगा. हा धंदा कोण करतो आणि कसा, हे इकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

मी म्हटलं, "माझी घोडी विहारासमोरही उभी राहते आणि मारुतीच्या देवळासमोरही उभी राहते. मी पंचशील पाळणारा माणूस आहे. दारू पीत नाही आणि वाहतही नाही."

ठेंगणा हसला. "भाषण नोका देऊ भाऊ. जयंतीले द्या. आता फक्त इचार करा."

उंच्याने कवडीच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावरून अंगठा फिरवला. त्या ठिपक्यावरूनच तिचं नाव कवडी. "घराच्या मांगं बांधता नाई का हिले? तनसीच्या ढिगाजवळ?" असं म्हणाला आणि लगाम सोडला.

गाडीच्या नंबरावर चिखल होता. आमच्याकडे मार्चमध्ये चिखल कुठून येणार? म्हणजे मुद्दाम फासलेला. दुसऱ्या कोणाच्या हे ध्यानात आलं नसतं.

कवडी फार घाबरली होती. ते गेल्यावर ती मागचा एक पाय सैल सोडून, खालचा ओठ लोंबता ठेवून, डोळे अर्धे मिटून उभी राहिली. तिला धीर यावा म्हणून मी बराच वेळ तिच्या मानेवर हात ठेवून होतो. हात काढला तेव्हा तेवढ्या जागेवरचे केस माझ्या घामाने भिजले होते.

२७ मार्च

बायकोला, कांताला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सगळ्यायले धरू देते म्हणून त्यायनंही धरला."

बायकांना घोडीतलं कळत नाही. कवडी कोणालाही लगाम धरू देते हीच तर तिची करामत आहे, आणि ती मी घडवली आहे. वडशाच्या टांगेवाल्याने ती विकली तेव्हा हाडांचा सापळा होती आणि कागद फडफडला तरी बिथरायची. मला कोणी गुरू नव्हता. सातवीनंतर शाळा सुटली. जनावरांच्या डॉक्टरकडच्या जुन्या पुस्तिका वाचून, पाहून, लाथा खाऊन शिकलो. पत्र्याच्या डब्यात फटाके लावले, धुमालच्या, म्हणजे वरातीतल्या ढोलवाल्यांच्या, तालमीत तिला उभं केलं, गावातल्या प्रत्येक माणसाला तिचा लगाम धरायला लावला आणि धरला की गुळाचा खडा. आज नवरदेवाच्या मांडीवर लेकरू असो, भोवती दारू प्यालेले नाचोत, ती हलत नाही. ब्रह्मपुरीपासून आरमोरीपर्यंत लोक म्हणतात, घोडी पाहिजे तर खुशालभाऊची.

कांता म्हणते, पोलिसात जा. मी म्हटलं, तोंड पाहिलं नाही, नंबर पाहिला नाही, काय सांगू? शिवाय दारूच्या भानगडीत नाव आलं की लोक वरातीला बोलावत नाहीत. संघप्रियाचा फोन आला. ती ब्रह्मपुरीला दवाखान्यात नर्स आहे. आईने आधीच तिला कळवलेलं दिसलं.

"बाबा, एकटे नोका जात जाऊ," म्हणाली.

"मी एकटा नाही, कवडी असते."

"कवडी काय पोलिसाले फोन लावनार आहे?"

मुलगी शिकली की बोलायला शिकते.

३० मार्च

आजच्या वरातीत मुखरूची धुमाल पार्टी होती. मुखरू म्हणजे ढोलवाला, पंधराएक पोरांचा मालक. जेवायच्या पंगतीत माझ्या बाजूला बसला. त्यालाही सगळं कळलेलं.

"खुशालभाऊ, आपल्या टेम्पोत जागा आहे. घोडी चढवा. ढोल तिच्या बाजूले लावू. एवढे जन आहोत आमी, कोन अंगावर येते पाहू."

मी त्याला नीट समजावलं. टेम्पोच्या फळ्या गुळगुळीत असतात, त्यावर नाल घसरते. वळणावर घोडी चारही पाय ताणून धरते, त्याने सांधे धरतात. शिवाय तुझे ढोल तिच्या बरगड्यांना घासणार.

"मंग सांधे धरन, मान तं नाई ना धरनार कोनी," मुखरू म्हणाला आणि अख्खी पंगत हसली. एक पोरगा म्हणाला, "भाऊले चढवा टेम्पोत, घोडीले चालू द्या मांगून."

घोडीच्या पायाची ज्याला थट्टा वाटते त्याच्या टेम्पोत मी ती चढवणार नाही. आणि एक विचार मनात आला तोही लिहितो. मी नदीपल्याड वराती घेतो, घोडी भाताच्या तणसीजवळ बांधतो, हे त्या दोघांना सांगितलं कोणी? माझं येणंजाणं सगळ्यात जास्त मुखरूला माहीत.

संध्याकाळी बसस्टॉपवरच्या चहाच्या टपरीवर लोकांनी विचारलं. मी पुढच्या पंधरवड्यातल्या वराती आणि आता रपटा टाळून मोहाच्या रानातून कोणत्या वाटेने जाणार ते व्यवस्थित सांगितलं. माणसांना माहीत असलेलं बरं, वेळेला धावून येतात. तिथे एक परगावचा उंच गडी चहा पीत होता. घोड्यातलं त्याला बरंच कळत होतं. नाल किती दिवसांनी बदलता, उन्हात पाणी केव्हा पाजता, असे मुद्द्याचे प्रश्न विचारले. अशी माणसं हल्ली भेटत नाहीत. मन मोकळं झालं.

५ एप्रिल

मोहाच्या रानातल्या वाटेवर होते ते.

सकाळी बायका मोहफुलं वेचायला आलेल्या असतात, म्हणून मी जाताना बिनघोर गेलो. परतताना रान रिकामं होतं. आधी वाटलं वाघ, कारण पुढे काहीतरी हललं. वाघ परवडला. तो काही विचारत नाही.

या वेळी उंच्या काही बोललाच नाही. लगाम धरला आणि चालायला लागला. मी वर, तो पुढे. वाट सोडून आत, सागाच्या वाळल्या पानांतून. कवडी त्याच्या मागे निघाली, वरातीत निघते तशी, मान वाकवून, पाय उचलून. मी उतरू शकलो असतो. उतरलो नाही. उतरलो तर घोडी त्याच्याच हातात राहिली असती. ठेंगणा बाजूने चालत होता. "नवरदेव, मुंडावळ्या कुठी आहे?" म्हणाला.

एका मोठ्या मोहाभोवती त्याने मला फेरा मारून आणलं. मग परत वाटेवर आणून सोडलं. एवढंच. मारलं नाही, ओरबाडलं नाही.

"बेस शिकवली तुमी," उंच्या म्हणाला. "आपन नेऊ तिथी येते. महिन्याभरात कळवा भाऊ. नाई तं एक दिवस खुट्यावर दोर राहीन फक्त."

घरी आलो तर कवडीने नेहमीसारखी चुनी खाल्ली, लोळण घेतली. ती आतून फार हादरली आहे. आज तिच्या सोबतीला माझी खाट गोठ्यात टाकली आहे.

६ एप्रिल

मला एक गोष्ट सुचली. दोष या ठिकाणी आहे की कवडी सगळ्यांना लगाम धरू देते, म्हणून त्यांनाही देते. हे आजवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. जे मी शिकवलं ते मीच पुसू शकतो.

रीत अशी ठरवली. कांता माझा जुना सदरा घालणार, तोंडाला दुपट्टा बांधणार आणि समोरून येऊन कडीजवळ हात घालणार. हात पडताक्षणी मी खोगिरावरून तिच्या खांद्याला बाभळीचा काटा टोचणार आणि दोन्ही टाचा मारणार. घोडीने डोकं झटकलं, मागच्या पायांवर उभी झाली, वळून घराकडे पळाली की घरी पोचल्यावर गूळ. काटा पाऊण इंच, टोक थोडं घासलेलं, म्हणजे रक्त येत नाही. आजवर मी तिला छडीही लावली नव्हती, हे नमूद करतो.

कांता म्हणाली, "मले नाई जमत हे."

"दुसरं कोण करणार? गावात सांगितलं तर बातमी त्यांच्यापर्यंत जाईल."

सदरा घातला तिने. दुपट्टा मात्र मीच बांधून दिला, तिला तसा घट्ट बांधता येत नाही.

९ एप्रिल

प्रगती आहे. पहिल्या दिवशी कवडी नुसती थरथरली आणि गूळ मिळेल म्हणून कांताच्या मुठीला ओठ लावत राहिली. काल डोकं झटकलं. आज दोनदा पुढचे पाय उचलले.

कांताच्या मनगटाला लगामाचा हिसका बसला आहे. हळद लावली.

१२ एप्रिल

आज पूर्ण साधलं. दुपट्टा दिसला की कान मागे, हात कडीला लागायच्या आत उभी, आणि वळली की सरळ घर.

सायंकाळी कांता रोजच्यासारखी तांदळाची पेज घेऊन तिच्याकडे गेली. सदरा नाही, दुपट्टा नाही, आपल्या नेहमीच्या लुगड्यात. कवडीने कान मागे टाकले आणि खुट्याला ताण दिला. कांताने घमेलं खाली ठेवलं आणि बाजूला झाली, तेव्हा कुठे घोडी प्यायली.

"मी नाई धरत आता तिचा लगाम," कांता म्हणाली. "मले पाहून कापते ते."

मी म्हटलं, म्हणजे विद्या पक्की झाली. आता धरायची गरजच नाही.

१४ एप्रिल

जयंतीची मिरवणूक. कवडीवर निळी झूल. या वेळी पूर्ण वेळ लगाम मी स्वतःच्या हातात ठेवला. दादाजी, आमच्या विहाराचे सगळ्यात जुने माणूस, दरवर्षी तिला स्वतःच्या हाताने पेढा देतात. त्यांनी हात पुढे केला तर तिने मान अशी झटकली की पेढा गटारात गेला.

"काऊन रे खुशाल, रागावली काय माह्यावर?" दादाजी म्हणाले.

"ऊन लागलं असेल तिला," मी म्हटलं.

घोडीचा सावधपणा वाढला आहे. समाधानाची गोष्ट आहे.

१९ एप्रिल

आज काम झालं.

पुन्हा रपटा. उंच्या पुढे आला, नेहमीच्या आरामात, हात वर. कवडीने तो हात लागूच दिला नाही. उभी झाली, तिचा गुडघा त्याच्या खांद्यावर बसला, तो कोलमडून रपट्याच्या कठड्यावर पडला आणि आम्ही वळलो ते सरळ गावच्या शिवेत येऊनच थांबलो. मागे मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाजही आला नाही.

टपरीवर सगळ्यांना सांगितलं. मुखरू होता. "मानलं भाऊ तुमाले," म्हणाला. मग थोड्या वेळाने विचारलं, "पन शेवंतीले काय करसान? साळ्यानं धरला तं?"

शेवंती म्हणजे नवरीच्या गावाच्या शिवेवर नवरदेवाचं स्वागत. तिथून मांडवापर्यंत नवरीचा भाऊ घोडीचा लगाम धरून नेतो. ही इकडची जुनी रीत आहे. मी म्हटलं, "घोडी माझी आहे, काय करायचं ते मला कळतं."

घरी कांताला सगळं सांगितलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, "त्याले लागलं काय फार?"

मी लढून आलो आणि तिला त्याची काळजी. खाट मात्र आज अंगणात टाकली. कवडीला आता माझ्या सोबतीची गरज नाही.

२ मे

आज अक्षर बरोबर येत नाही.

वरात नदीपल्याडची, आरमोरीच्या अलीकडच्या एका गावातली. नवरदेव विक्की, आमच्याच बाजूचा, तलाठी ऑफिसात कामाला. त्याच्यापुढे त्याच्या बहिणीचं लेकरू बसवलेलं. दोन लग्नं मधे अशी निभावून नेली होती की एका ठिकाणी साळा वयाने लहान म्हणून मीच धरतो म्हटलं आणि दुसऱ्या ठिकाणी पायाला लागल्याचं सोंग करून कवडीला टेकून चाललो. आजही मी शिवेवर आधीच म्हणालो, "लगाम माझ्याकडे राहू द्या, रस्ता खराब आहे."

नवरीकडचा एक म्हातारा म्हणाला, "रस्ता आमचाच आहे भाऊ. रीत आहे ते. साळ्यानंच धराचा."

"बाकी ठिकाणी मीच धरतो."

"बाकी ठिकानी साळे नसतीन. आमच्याकडं आहे." लोक हसले.

नवरीचा भाऊ आदेश पुढे आला. चांगला गडी. सकाळपासून मांडवाच्या कामात उन्हात राबत होता, म्हणून डोक्याला आणि तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला. नुसते डोळे दिसत होते.

एक वाक्य बोलायचं होतं. घोडीला परका हात चालत नाही. किंवा, दुपट्टा काढ बापू. भोवती एवढी माणसं, अर्धी मला नावाने ओळखणारी, कोणी कोणाला सांगत होतं की हीच ती घोडी, कोनीही धरा, हालत नाई. ते वाक्य तोंडातून निघालं नाही. मी लेकराला उतरवून घेतलं, त्याला पाणी पाजा म्हटलं. तेवढं सुचलं. मग लगाम आदेशच्या हातात दिला.

पुढचं मी पाहिलं पण क्रम लागत नाही. कवडी सरळ उभी झाली. विक्की मागे पडला, हाड मोडल्याचा आवाज आला. आदेशने लगाम सोडला नाही, तो म्हणजे इमानदार पोरगा, रीत म्हणून धरून राहिला आणि दोन हात फरफटला. मग लगाम तुटला. कवडी ढोलांमधून, बायकांमधून गेली. कोणी म्हणालं, नदीकडे गेली.

विक्कीचा उजवा हात कोपराच्या वर मोडला. आदेशचं तोंड फुटलं. एक म्हातारी माझ्याकडे पाहत राहिली. विक्कीचा बाप म्हणाला, "भरवशानं बोलावलं होतं खुशालभाऊ तुमाले."

मी तिथून कसा निघालो, साज उचलला की तिथेच राहिला, आठवत नाही.

३ मे

दिवसभर शोधलं. मुखरू आपणहून गाडी घेऊन आला. "बसा मांगं," एवढंच म्हणाला. पुलाच्या दोन्ही बाजू, नदीतली वाळू, कलिंगडाच्या वाड्या, मोहाचं रान. एका वाडीवाल्याने सांगितलं, खोगीर घातलेली घोडी काल वाळूतून अलीकडे आली. शिकवल्याप्रमाणे ती घराकडेच निघाली होती. म्हणजे विद्येत खोट नव्हती.

पण घरी आलेली नाही.

मुखरूने घरापर्यंत सोडलं. उतरताना मी विचारलं, "तू त्या दोघांना काही सांगितलं होतंस का माझ्याबद्दल?" विचारणं भाग होतं. त्याने गाडी बंद केली, माझ्याकडे पाहिलं, परत चालू केली आणि गेला.

४ मे

सकाळी अंगण झाडायच्या वेळेला ते आले. कवडीला घेऊन. आज दुपट्टे नव्हते.

उंच्या म्हणजे टपरीवरचाच तो गडी निघाला. माणूस किती सोंग करू शकतो.

लगामाचा तुटका भाग त्याने काढून टाकला होता आणि गळ्यात साधी सुती दोरी बांधली होती, तीही ढिली. खोगिराचा पोटाखालचा तंग दोन भोकं सैल केलेला. गुडघा फुटला होता, तो कडुनिंबाच्या पाण्याने धुऊन वर हळदीचा लेप दिलेला. लेप बरोबर होता. मी असतो तर जरा पातळ केला असता.

"रपट्याखाली पानी पीत उभी होती," तो म्हणाला. "तोंडाकडं हात नेला का उधळते. मी बगलेतून गेलो, मानेवरून हात फिरवत. आली. काऊन शिकवलं भाऊ असं तिले? चांगली होती."

मी गुडघ्यावरचा लेप पाहायला खाली वाकलो.

"आता वरातीले तं कोनी बोलावनार नाई तुमाले," ठेंगणा म्हणाला. पट्टी अजून उंच्याच्या खांद्याला होती, पण टोचून बोलत होता तो ठेंगणाच. "आज घरी आनून देली. दरवेळी घरीच येईन असं नाई."

तेवढ्यात कांता दारातून बाहेर आली. हातात झाडणी तशीच. सरळ उंच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"न्या घोडी," म्हणाली. "तुमालेच समजते ना तिचं? न्या मंग. आमाले नोको. पन ह्यायले सोडा."

माझी घोडी, ही कोण देणारी?

उंच्याने मान हलवली. "घोडी नोको बाई. घोड्या लय भेटते. भाऊ पाह्यजे. हे बसले का पुलावर कोनी काही इचारत नाई. माणसाचं नाव आहे."

हे मात्र खरं बोलला. माझ्या नावाला नदीच्या दोन्ही काठांवर काय किंमत आहे हे गावातल्या लोकांना कळत नाही, त्याला कळलं.

कांता माझ्याकडे पाहत होती. उंच्याही. मी म्हटलं, "गुडघा भरल्याशिवाय तिला चालवणार नाही."

"तं भरू द्या ना," तो म्हणाला. "घाई कोनाले आहे?"

कांता आत गेली.

१२ मे

बुद्ध पौर्णिमा. विहारात गेलो नाही, लेप बदलायचा होता. दादाजींनी खीर पाठवली.

कांता काल संघप्रियाकडे गेली. इथे ऊन फार, तिथे कूलर आहे. जाताना दोन लुगडी घ्यायची तिथे ट्रंकच नेली. बायकांना कमी सामानात जमत नाही.

तीन वराती रद्द झाल्या. मुखरूच्या धुमालपुढे आता नागभीडची घोडी असते. तिला मी पाहिलं आहे, पुढचा पाय आत वळतो.

२१ मे

पहिली खेप झाली. पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून नीट लिहून ठेवतो.

त्यांनी सामान पोत्यात आणलं होतं, बाटल्या नुसत्या कोंबलेल्या. मी ते नाकारलं. असं लादलं तर एका बाजूला ओझं जाऊन खोगीर फिरतं आणि पाठ सोलते. मी दोन लांबट थैल्या शिवून घेतल्या, आत तणस, प्रत्येक बाटलीला कागद. दोन्ही बाजूंना वजन सारखं. थैल्या बरगड्यांवर यायला हव्यात, पोटावर नाही. वर घोंगडी, घोंगडीवर झूल. कोणी कान लावला तरी आवाज येत नाही. उंच्या पाहत राहिला. "हे आमाले नसतं सुचलं," म्हणाला. नाव दसरू आहे त्याचं. वरोऱ्याकडे लहानपणी टांगा चालवायचा.

पंचशीलाचा विचार केला. पाचवं शील पिण्याबद्दल आहे. मी पीत नाही.

पुलावर गाड्यांची रांग होती. एका शिपायाने मला लांबूनच ओळखलं, हात केला. "कुठची वरात भाऊ?" म्हणाला. मी गावाचं नाव सांगितलं. "पाडू नोका आता नवरदेवाले," म्हणाला आणि हसला. मीही हसलो. झूल कोणी उचलली नाही.

पलीकडे थैल्या उतरवल्या, कवडीला सावलीत उभं करून पाणी पाजलं आणि निघालो. परतीच्या वाटेत रपटा, मग सागाचं रान. तेंदूपत्ता तोडणारे लोक गाठोडी घेऊन जात होते. त्यातल्या काहींनी मान वळवली, बाकी कोणी माझ्या वाटेला आलं नाही.

घरी आलो तेव्हा कांताचा फोन आला. कवडीचा गुडघा कसा आहे विचारलं. सांगितलं, भरला. जेवता काय विचारलं. सांगितलं.

मग म्हणाली, "रस्त्यात अडवते काय कोनी आता?"

"नाही," मी म्हटलं. "आता कोणीच अडवत नाही."

मागे कूलरचा आवाज येत होता. मग तिने फोन ठेवला.

इतके दिवस तिला माझी काळजी होती. आज ती निश्चिंत झाली असावी.